नळ स्टॉपजवळचं एक समुपदेशन केंद्र: ‘काहीच वाटत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यात कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या जवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र आहे. चालवणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या त्रासावर काम करतात. वर्षभराहून जास्त काळ मी त्यांच्याकडे जातोय. केंद्राचं नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, कारण जिना चढणाऱ्या माणसाकडे बघून कुणी अंदाज बांधावेत हे त्यांना नकोय. मला ते पटलं. तरी लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा टेन्शन, झोप, नवरा-बायकोची भांडणं, मुलांचा अभ्यास या सगळ्यांबद्दलचे अभिप्राय सापडले. ज्याला काहीच वाटेनासं झालंय अशा माणसाने कुणाकडे जावं, तिथे गेल्यावर काय होतं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

मी रेल्वेत लोको पायलट आहे. दौंड-सोलापूर बाजूला बरीच वर्षं काढली. आमच्या कामात एक गोष्ट होते, जिच्याबद्दल घरी कुणी बोलत नाही. रुळावर माणूस येतो. कसा आला, का आला, आम्हाला कळत नाही. ताशी शंभरच्या पुढे असलेली गाडी इमर्जन्सी ब्रेक लावूनही थांबायला पाऊण-एक किलोमीटर घेते, आणि गाडी बाजूला काढता येत नाही. हॉर्न आणि ब्रेक, एवढंच हातात. मग असिस्टंट उतरून बघून येतो, किलोमीटरचा खांब लिहून घ्यायचा, कळवायचं आणि निघायचं, कारण मागे हजार-बाराशे माणसं बसलेली असतात. माझ्या नोकरीत हे एकापेक्षा जास्त वेळा झालं. शेवटच्या वेळचं इथे सांगणार नाही.

त्यानंतर मला भीती वाटली नाही. वाईट स्वप्नंही पडली नाहीत. ड्यूटी व्यवस्थित, जेवण वेळेवर. पुढे आई गेली. मी ओंकारेश्वराजवळ उभा राहून सगळ्यांच्या जाण्यायेण्याची सोय पाहत होतो, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत मोबाइलवर टेम्पोवाल्याशी बोलत होतो. नातेवाईक म्हणाले, ‘किती सावरलंय स्वतःला.’ मुलीचा सीए इंटरचा निकाल लागला, तिने हातावर पेढा ठेवला, मी ‘छान’ म्हणालो आणि पेढा खाल्ला. गोड आहे एवढं कळलं. हळूहळू मुलगी बातम्या आधी आईला सांगायला लागली, मग फक्त आईलाच.

हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं ते बायकोने. ‘अहो, तुम्ही कशालाच नाही म्हणत नाही हल्ली,’ ती म्हणाली, ‘आणि हो पण म्हणत नाही.’

जो माणूस रात्री ओरडत उठतो त्याला घरचे डॉक्टरकडे नेतात. जो माणूस दचकतो, दारू प्यायला लागतो, त्याची काळजी करायला चार जण पुढे येतात. पण ज्याच्या आतलं सगळं बंद पडलंय, त्याचं आपल्याकडे कौतुक होतं. धीराचा म्हणतात, घट्ट म्हणतात, बायकांच्या बाबतीत ‘बाई खंबीर आहे हो’ म्हणतात. त्या कौतुकापायी वर्षं निघून जातात. मला राग येतो याचा, आणि राग येतो हे आज लिहिता येतंय यातच त्या मॅडमच्या कामाचं बरंचसं मोल आलं.

त्यांच्याआधी मी आणखी एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत घटना अगदी सुरुवातीपासून सांगायला लावली आणि मग म्हणाले, ‘आता रडून घ्या, मोकळे व्हा.’ मी सांगितली. स्टेशन मास्तरला देतो तशी, क्रमाने, वेळेसकट. रडू आलं नाही. ते थोडे नाराज झाले असं वाटलं. घरी आलो तो आणखी बधिर होऊन, आणि ‘आपल्यातच काहीतरी खोट आहे’ हे डोक्यात घेऊन. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या की धक्क्यानंतर माणसाला बसवून सगळं उगाळायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. आधी आधार, सुरक्षितपणा, झोप, जेवण, आपली माणसं. बोलणं ज्याचं त्याला हवं तेव्हा.

त्यांच्याकडची पहिली भेट मला चांगली लक्षात आहे, कारण तिच्यात अपघाताचा विषयच निघाला नाही. झोप किती, चहा किती, अंघोळीचं पाणी किती गरम लागतं, पाय गार पडतात का, जेवताना चव लागते का, हे विचारलं. अंघोळीच्या पाण्याचं उत्तर मला देता आलं नाही. गरम की कोमट, सांगताच येईना. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या भेटीत त्यांनी कागदावर चार रकाने काढले. धक्क्यानंतरच्या त्रासाला पीटीएसडी म्हणतात, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली आलं. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांचा त्यात मोठा वाटा होता. पहिला रकाना: घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं. दुसरा: ती आठवण आणि त्या जागा टाळणं. तिसरा: मन आणि विचार काळवंडणं, म्हणजे आनंद न वाटणं, माणसांपासून तुटल्यासारखं होणं, कशात रस न राहणं. चौथा: सतत सावध, चिडचिडं, दचकणारं असणं. पूर्वी त्या सूचीत दुसरा आणि तिसरा एकत्रच धरलेले होते. २०१३ च्या आवृत्तीत ते वेगळे केले. हा बदल माझ्यासारख्याला फार कामाचा आहे. टाळणं माणूस करतो, बधिरपणा माणसाला होतो. ‘तुम्ही मनावर घेत नाही, मनातलं बोलत नाही’ असं मला इतके दिवस ऐकायला लागत होतं, जणू मीच कुठलं तरी दार बंद करून बसलोय. मी काहीच करत नव्हतो.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती. इजा स्वतःला झाली पाहिजे असं नाही, डोळ्यांसमोर घडलेलंही मोजलं जातं. मी तोवर समजत होतो की जखमी झालेल्यांनीच असल्या ठिकाणी जायचं असतं.

त्यांनी मला गाडीचा ब्रेक कसा चालतो ते विचारलं. मी सविस्तर सांगितलं. आमच्या गाडीत ब्रेक पाइपमध्ये पाच किलोचा दाब भरलेला असतो, आणि दाब असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. दाब गेला की ब्रेक लागतात, पाइप तुटला, डबे सुटले तरी लागतात. इमर्जन्सीत तो दाब एका क्षणात काढून टाकायचा. पण ब्रेक परत सोडायचा म्हटलं तर क्षणात होत नाही. पाइप पुन्हा भरावा लागतो, मालगाडी लांब असेल तर बरीच मिनिटं थांबावं लागतं. एखाद्या डब्याचा ब्रेक सुटलाच नाही आणि तुम्ही तशीच ओढलीत तर चाक तापतं, त्याला आम्ही ब्रेक बाइंडिंग म्हणतो. मागून बघणाऱ्याला गाडी नीट धावताना दिसते. एवढं बोलून झाल्यावर मी स्वतःच गप्प झालो. मॅडमनी समजावून सांगायची गरज पडली नाही. धोक्याच्या वेळी शरीराने जे करायचं ते बरोबर केलं होतं, फक्त नंतर सुटलं नव्हतं. आणि ओढून सुटणार नव्हतं.

मग जे सुरू झालं ते इतकं बारीक होतं की सुरुवातीला मला पैसे वाया चाललेत असं वाटलं. गार पाण्यात मनगटं धरायची. भिंतीला दोन्ही तळहात लावून ढकलायचं आणि खांद्यात काय होतं ते सांगायचं. सुंठ, कापूर, ओवा हुंगायचा. घरून मेट्रो स्टेशनपर्यंत चालताना टाच आणि चवडा कधी टेकतात त्याकडे लक्ष द्यायचं. तोंड मिटून गुणगुणायचं, छातीत थरथर लागते का बघायची. भावनेचं नाव त्या विचारतच नसत. दुःख होतंय का, आनंद होतोय का, असले प्रश्न नाहीत. ‘घट्ट, सैल, जड, गार, काहीच नाही’, यांतलं एक निवडायचं. ‘काहीच नाही’ हेही उत्तर होतं आणि त्यावर चेहरा पाडला जात नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण बधिर माणूस समोरच्याचा चेहरा फार वाचतो. आपल्याकडून काहीतरी अपेक्षित आहे आणि आपण ते देऊ शकत नाही, याचंच त्याला ओझं होतं.

आणखी एक फरक त्यांनी नीट सांगितला, तो बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगत नाहीत. श्वास सावकाश करा, डोळे मिटा, शांत व्हा, हे जे सगळीकडे शिकवतात ते ज्याचा जीव घाबराघुबरा झालाय त्याच्यासाठी. जो आधीच थिजलाय त्याला आणखी शांत करून काय मिळणार? त्याला थोडं जागं करायला लागतं, पण एकदम नाही. माझे डोळे त्यांनी कधीच मिटायला लावले नाहीत.

घरी करायला दिलेलं काम असं: पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी, आता आवडत नसल्या तरी, ठरल्या वेळी करायच्या. आधी वाटेल आणि मग करेन असं थांबायचं नाही. केल्यावर वहीत शून्य ते दहा आकडा लिहायचा. पर्वतीवर चढणं, शून्य. जुन्या मित्राबरोबर कॅम्पात चहा, शून्य. मुलीला क्लासला सोडणं, एक. तो ‘एक’ मी खोडून परत लिहिला होता, खात्री नव्हती म्हणून. मॅडम त्या एकावर बराच वेळ थांबल्या. गाडीवर ती काय बोलत होती, तिचा हात कुठे होता, वारा होता का.

पहिली खरी भावना परत आली ती नावडीची. रात्री ताटात शेपूची भाजी होती. लहानपणापासून मला शेपू आवडत नाही, पण मधली काही वर्षं समोर येईल ते खात होतो. त्या दिवशी घास तोंडाशी नेला आणि वास नको झाला. मी ताट थोडं सरकवलं. बायकोने बघितलं, काही बोलली नाही, उठून मला अंड्याची पोळी करून आणली आणि स्वयंपाकघरात जाऊन मुलीला हळूच म्हणाली, ‘बाबांना शेपू नको झाला.’ दोघी हसत होत्या. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना यातला आनंद कळेल. इतरांना समजावून सांगता येणार नाही.

पण इथे एक सांगायलाच हवं, नाहीतर हा अभिप्राय खोटा होईल. चांगल्या भावना आधी येत नाहीत. मला त्यानंतर राग आला, फार आला. सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्यावर, टीव्हीच्या आवाजावर, मेलेल्या माणसावरसुद्धा. हात थरथरायला लागले, फाटकाजवळ छाती धडधडायला लागली. ज्या वाईट स्वप्नांबद्दल वर लिहिलं ती पडली नव्हती, ती आता पडायला लागली. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि बायकोला एकदा बोलावून तिलाही सांगितलं होतं, म्हणून आम्ही टिकलो. अशा वेळी माणसं थेरपी सोडतात. बरे होतो तर उलट बिघडलं असं वाटतं. तुम्ही कुठेही जात असाल, ही शक्यता तुम्हाला आधी सांगितली गेली आहे का ते बघा.

त्या काळात त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला लावलं, डिप्रेशन आहे का ते पाहिलं, गोळी सुरू केली. गोळीने झोप सुधारली, धडधड कमी झाली. काही आठवड्यांनी मात्र वहीतले आकडे पुन्हा खाली आले. मॅडमच्या ते लक्षात आलं. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या भावना सपाट होतात, हा त्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. त्यांनी गोळी बंद करा असं सांगितलं नाही, तो त्यांचा अधिकारच नाही. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि डॉक्टरांनी डोस बदलला. दोन जाणकार एकमेकांशी बोलतात ही सोय मला त्या केंद्राची सगळ्यांत मोठी वाटते. गोळी मनाने सोडू नका, पण ‘गोळीने मी लाकूड झालोय’ हे डॉक्टरांना सांगायला लाजूही नका. त्या दिवसांत मी गाडीवर नव्हतो, हेही लिहून ठेवतो.

अपघाताच्या आठवणीकडे आम्ही बरेच महिने गेल्यावर वळलो. आधी विचारलं, दोन वेगवेगळ्या भेटींत विचारलं, आणि कधीही थांबता येईल अशी खूण ठरवली. त्या ईएमडीआर करतात. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही पद्धत १९८७ मध्ये शोधायला सुरुवात केली. आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीची आणि आघातावर केंद्रित सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या थेरपीची, शिफारस केली. डोळे हलवल्याने फरक पडतो की सुरक्षित जागी बसून आठवणीकडे नीट पाहिल्याने, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, आणि मॅडमनी हेही लपवलं नाही. माझे डोळे आयुष्यभर सिग्नल शोधत आलेत. समोर हलणारं बोट बघितलं की मी थेट केबिनमध्येच जायचो. म्हणून त्यांनी डोळ्यांऐवजी दोन्ही गुडघ्यांवर आलटून पालटून टॅपिंग घेतलं. पद्धत माणसाला जुळवून घेतली, माणूस पद्धतीला नाही.

काय घडलं ते लिहीत नाही. आईचं रडू मला तिथे आलं, अपघाताचं नाही. ते अजून आलेलं नाही आणि त्याची वाट कुणी बघत बसलेलं नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. लिफ्ट नाही, आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांना त्रास होतो. खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला, संध्याकाळी हॉर्नचा मारा. ज्याला आवाजाचा त्रास आहे त्याने दुपारची वेळ मागावी. फी पन्नास मिनिटांना दीड हजार, म्हणजे माझ्यासारख्याला झेपते पण टोचते. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आठवड्यातल्या काही भेटी सवलतीत राखून ठेवलेल्या असतात, पण त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भिंतीवर लिहायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायचा आहे, पण दवाखान्यात भरती न होता घेतलेल्या अशा भेटी बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. भेट रद्द करायची तर चोवीस तास आधी, नाहीतर पूर्ण फी. रेल्वेच्या रनिंग स्टाफला (गाडीवर काम करणाऱ्यांना), नर्सना, पोलिसांना हे कसं जमणार? मी भांडलो. आता शिफ्टवाल्यांना आयत्या वेळी फोनवर बोलायची मुभा आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

आणि तो फॉर्म. पहिल्या दिवशी बाहेर बसलेल्या मदतनीस मुलीने दिला, त्यात ‘घटनेचं सविस्तर वर्णन’ असा रकाना होता. मी मोकळा सोडला तर तिने दोनदा परत दिला. आत जे इतक्या जपून करतात ते बाहेरच्या टेबलावर उधळून टाकलं जात होतं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी माझ्यासमोर तो रकाना खोडला, पण नवा छापील फॉर्म मी अजून पाहिलेला नाही. शनिवारचा गट मला मानवला नाही. दुसऱ्यांचं ऐकताना मी पुन्हा थिजत होतो. काहींना तोच आवडतो.

नळ स्टॉप लांब पडत असेल तर जवळच्या कुणाकडे जाताना फोनवर निदान एवढं विचारा: रिहॅबिलिटेशन कौन्सिलची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, आघातावर कोणती पद्धत शिकलात, आणि मला काही सांगायची इच्छा नसेल तर पहिल्या भेटीत काय करू. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, किंवा ‘मग कशाला येताय’ म्हणाला, तर दुसरं ठिकाण बघा. पैशांची अडचण असेल किंवा आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचं असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

केबिनमध्ये आम्ही दोघं असतो. त्या दिवशी खाली उतरून बघून आला तो माझा असिस्टंट, पोरगा अजून तिशीतही नाही. परवा ड्यूटीवर हजेरी लावतो त्या लॉबीत भेटला. लग्न ठरलंय म्हणाला, पत्रिका दिली, आणि हे सगळं ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी ओळखतो. मी त्याला बाजूला घेऊन जिथे जातो त्याबद्दल सांगितलं. ‘मला काही झालेलं नाही सर,’ तो म्हणाला, ‘तिथे काय काय विचारतात?’ म्हटलं, पहिल्या दिवशी अंघोळीचं पाणी किती गरम घेतोस ते विचारतील. तो बराच वेळ विचार करत राहिला. पुढच्या गुरुवारची दुपारची वेळ त्याच्या नावाने घेतली आहे, पहिल्या भेटीची फी मी भरतोय.